मोबाईलवरचं पुस्तक फुकट, पण त्याचा खर्च कोण भरतो?

मांडवी (रत्नागिरी) : जूनमध्ये शाळा सुरू होते आणि एखादं पुस्तक हातात पडायला आठवडा लागतो. मग घरातला मोठा मुलगा बालभारतीच्या संकेतस्थळावर जातो, इयत्ता आणि माध्यम निवडतो, पीडीएफ उतरवून घेतो आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दहा मिनिटांत पुस्तक वाडीभर पोचतं. मांडवीच्या जेटीवर बसलेल्याच्या फोनवर ते उघडतं आणि संगमेश्वरच्या डोंगरात, जिथे रेंज एका ठरावीक दगडावरच मिळते, तिथेही उघडतं. पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून त्यामागे पैसे लागतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ध्यानात येतं ते एके दिवशी लिंक उघडत नाही तेव्हा. ॲप नवीन फोनवर चालत नाही, व्हिडिओच्या जागी कोरा पडदा दिसतो, नाहीतर उघडतं ते सहा वर्षांपूर्वीचं. अशी मोफत साधनं बनवायला एकदा पैसा लागतो, पण ती चालू ठेवायला दरवर्षी लागतो. हा दरवर्षीचा पैसा कुठून येतो, याची ही माहिती.

फुकट आणि मुक्त, दोन्ही एक नाही

शाळा-कॉलेजच्या अभ्यासाचं जे साहित्य कोणालाही विनामूल्य वापरता येतं, त्याची प्रत काढता येते, त्यात बदल करता येतो आणि ते पुढे वाटता येतं, त्याला मुक्त शैक्षणिक साधन म्हणतात. हा शब्द २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत ठरला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने आपल्या वर्गातलं साहित्य इंटरनेटवर खुलं करण्याची घोषणा केली होती.

आता फरक बघा. बालभारतीचं पुस्तक फुकट उतरवता येतं, पण त्याचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर तसं छापलेलंच असतं. वाचा, अभ्यास करा, पण त्यातले धडे घेऊन स्वतःचं गाईड छापून विकायचं तर परवानगी लागते. म्हणजे ते फुकट आहे, मुक्त नाही. याउलट प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी आहेत. त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना आहे. लेखकाचं, चित्रकाराचं नाव द्या आणि मग ती गोष्ट छापा, मालवणीत आणा, शाळेच्या भिंतीवर रंगवा, कोणी विचारणार नाही.

हा फरक कायदेपंडितांचा वाटतो, पण टिकण्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बालभारतीचं गणित

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिचा मुख्य आधार पुस्तकांची विक्री हा आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात, पण ती बालभारतीकडून विकतच घेतली जातात. पैसे समग्र शिक्षा योजनेतून येतात. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४० टक्के. नववीच्या पुढची पुस्तकं पालक दुकानातून घेतात.

या छापील पुस्तकाच्या पैशात लेखक-समितीचा, चित्रांचा, मांडणीचा आणि तपासणीचा खर्च निघालेला असतो. पीडीएफ हे त्याच कामाचं दुसरं पीक. नव्याने लिहावं लागत नाही, फक्त संकेतस्थळ चालवावं लागतं. ही व्यवस्था आतापर्यंतची सगळ्यात टिकाऊ निघाली, कारण ती कोणाच्या देणगीवर उभी नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. ज्यांच्या लहानपणी किशोर गावात एखाद्या घरीच यायचा, त्यांनी ते जरूर उघडून बघावेत.

यात एक गाठ मात्र आहे. फुकट पीडीएफ छापील पुस्तकाच्या जिवावर चालते. उद्या सगळे पीडीएफच वापरू लागले तर छापील खप घटेल आणि ज्या विहिरीतून पाणी येतं तीच आटेल. आज ती वेळ नाही. एकच फोन आणि तीन मुलं अशी घरं असताना छापील पुस्तकाला पर्याय नाही.

पुस्तकातला चौकोनी कोड

धड्यावर छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ आणि स्वाध्याय उघडतात. पुस्तकात कोड वापरण्याच्या कामामुळे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं नाव जगभर गेलं. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

दीक्षा हे केंद्र सरकारचं व्यासपीठ, ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेलं. त्याखालची सनबर्ड ही संगणकप्रणाली एकस्टेप या खासगी संस्थेने बनवून खुली करून दिली. त्याआधी २०१३ मध्ये एनसीईआरटीने मुक्त साधनांचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं होतं. पुढे सगळा भर दीक्षाकडे गेला. राज्यातल्या शिक्षकांच्या फोनवर एके काळी मित्रा नावाचं ॲप असायचं, त्याचीही जागा दीक्षाने घेतली.

सरकारी पैशाचा स्वभाव असा असतो. नवीन योजनेला, उद्घाटनाला पैसा लवकर मंजूर होतो. आधीच्या योजनेची देखभाल म्हटली की फाईल हळू चालते. कागदावरचा कोड एकदा छापला की तो बदलत नाही, पण तो जिथे नेतो ते ठिकाण बदलू शकतं. म्हणून प्रत्येक कोडच्या खाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो तो लक्षात ठेवावा. पुस्तक भिजलं, कोड खराब झाला किंवा कॅमेऱ्याला पकडता आला नाही, तर ती सहा अक्षरं ॲपमध्ये टाईप करून धडा उघडता येतो. त्यानेही नाही उघडला तर मुख्याध्यापकांना सांगावं. तक्रार वर गेली नाही तर दुरुस्त कोण करणार?

वाईच्या विश्वकोशाची चाळीस वर्षं

सरकारी अनुदानावर दीर्घकाळ टिकलेलं मराठीतलं मोठं उदाहरण म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून हे काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसाव्या खंडापर्यंत पोचायला जवळपास चाळीस वर्षं लागली. या काळात सरकारं किती आली-गेली, पण अनुदान चालू राहिलं. आज सगळे खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

पण पहिल्या खंडातली माहिती पन्नास वर्षांची झाली. १९७६ साली संगणक कोणाच्या घरात नव्हता. जिल्ह्यांची संख्याही आजच्यापेक्षा कमी होती, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तोच १९८१ मध्ये. त्यामुळे मंडळाला ज्ञानमंडळं नेमून विद्यापीठांतल्या अभ्यासकांकडून नव्या नोंदी लिहून घेण्याचं काम सुरू करावं लागलं. कोश पूर्ण झाला म्हणून खर्च संपला, असं इथे होत नाही.

देणगी संपली की

तिसरा मार्ग देणगीचा. स्टोरीवीव्हरला गूगलच्या दानसंस्थेसह अनेकांनी मदत केली. एमआयटीच्या कामाला सुरुवातीला अमेरिकेतल्या ह्यूलेट आणि मेलन या दोन दानसंस्थांनी पैसा दिला. पण दानसंस्था तीन वर्षं, पाच वर्षं देतात. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या विषयाकडे जातं आणि मागे उरलेल्या संस्थेला नवा दाता शोधत फिरावं लागतं.

फ्लॅट वर्ल्ड नॉलेज या अमेरिकी कंपनीची गोष्ट त्यासाठी माहीत असावी. कॉलेजची पुस्तकं ती इंटरनेटवर फुकट वाचायला द्यायची आणि छापील प्रती विकून खर्च काढायची. हिशेब जुळला नाही. १ जानेवारी २०१३ पासून तिने फुकट वाचन बंद केलं. पण आधीच्या पुस्तकांवर मुक्त परवाना होता, त्यामुळे लोकांनी आणि सेलर अकादमीसारख्या संस्थांनी त्यांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. कंपनीने दार लावलं तरी ती पुस्तकं आजही मोफत मिळतात. नुसती फुकट असती आणि परवाना नसता, तर ती त्या दिवशीच गेली असती.

हेच आपल्या जिल्ह्यातल्या उदाहरणाने सांगता येतं. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. ११ जून १९५० रोजी ते गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचे हक्क संपतात, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं सर्वांची झाली. आता कोणीही ती छापतो, कोणीही इंटरनेटवर ठेवतो. एक संकेतस्थळ बंद पडलं तर दुसऱ्यावर मिळतात. त्यासाठी वेगळा निधी कोणी उभा केलेला नाही.

विकिपीडियाने आणखी एक वाट धरली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, लिहिणारे सगळे स्वयंसेवक. यंत्रणेचा खर्च जगभरातल्या वाचकांच्या छोट्या देणग्यांतून निघतो. त्याच्या पुढे जाऊन २०१६ मध्ये त्यांनी एक कायम निधी सुरू केला आणि २०२१ पर्यंत त्यात दहा कोटी डॉलर जमवले. मुद्दल शक्यतो तसंच ठेवायचं आणि उत्पन्न वापरायचं, ही त्यामागची कल्पना. कोकणातल्या माणसाला ही समजावून सांगायची गरज नाही. देवस्थानच्या नावावर चार कलमं असतात, दरवर्षी आंब्याचा लिलाव होतो आणि त्यातून दिवाबत्ती चालते. झाडं कोणी विकत नाही.

आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमात व्याख्यानं फुकट बघता येतात, पण प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. शिकणं मोफत आणि कागदाला पैसे. यात गैर काही नाही, फक्त मुलाने नाव नोंदवताना हे आधी वाचलेलं बरं.

जुनी पीडीएफ आणि आंब्याचा मोहोर

देखभालीवाचून राहिलेली माहिती नुसती निरुपयोगी नसते, कधी कधी ती नुकसान करते. शाळेच्या पुस्तकात जुना आकडा राहिला तर एखादा गुण जातो. शेतीच्या पत्रकात जुनं औषध राहिलं तर बाग अडचणीत येते.

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्याच्या मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक देतं. पहिली फवारणी कधी, दुसरी कधी, कुठलं औषध, किती प्रमाणात, असं सगळं त्यात असतं. हेही मुक्त शिक्षणाचंच साधन, शेतकऱ्याचं क्रमिक पुस्तक म्हणा. विद्यापीठ त्यात बदल करतं, पण व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी प्रत बदलत नाही. तिच्यावर साल नसतं, असलं तरी कोणी बघत नाही.

कार्बारिल हे औषध तुडतुड्यांसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. त्याच आदेशाने डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस आणि फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. आपल्या फोनमधल्या वेळापत्रकात यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते पत्रक जुनं आहे असं समजावं आणि पुसून टाकावं. पुढे तर पाठवूच नये. नवं पत्रक विद्यापीठाकडून किंवा कृषी सहायकाकडून घ्यावं.

शेवटचा खर्च गावातच होतो

वर पुण्यात, दिल्लीत सगळं नीट चाललं तरी साधन मुलापर्यंत पोचायला गावात लाईट, पडदा आणि नेट लागतं. समग्र शिक्षाच्या निकषात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये आहे. कोकणात असा पट असलेल्या शाळा पुष्कळ. या १० हजारांतच खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल आणि नेट बसवायचं, शिवाय किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची. शिक्षक स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून धडा दाखवतात, त्याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि मंडणगड, दापोलीत विजेचे खांब आडवे झाले. त्याच महिन्यात राज्यात ऑनलाईन शाळा सुरू झाली. दीक्षावर धडे होते, सरकारने खर्च केला होता, पण अनेक वाड्यांत फोन चार्ज करायलाच वीज नव्हती. त्या दिवसांत कामाला आलं ते छापील पुस्तक आणि ज्यांनी आधी उतरवून ठेवलं होतं ते.

मुंबई मंडळं आणि चाकरमानी शाळेला टीव्ही देतात, प्रोजेक्टर देतात. गणपतीत कार्यक्रम होतो, फोटो पेपरात येतो. तीन वर्षांनी बॅटरी जाते, नाहीतर पावसाळ्यात वीज पडून बोर्ड जळतो, आणि वस्तू कपाटावर जाते. टीव्हीवर दात्याच्या नावाची पट्टी लावता येते, वीजबिलावर कोण लावणार! खरं तर मंडळाने टीव्ही थोडा लहान घेतला आणि उरलेली रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने ठेवीत टाकली तर जास्त उपयोग होईल. एक लाखाची ठेव सात टक्क्यांनी धरली तरी वर्षाला सात हजार मिळतात. लहान शाळेच्या एकूण अनुदानाच्या मानाने ही रक्कम थोडी नाही.

युनेस्कोने २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांबाबत सगळ्या देशांना शिफारस केली. त्यातल्या पाच मुद्द्यांपैकी एक हाच आहे, की ही साधनं पुढे टिकवायची कशी याची व्यवस्था आधी करा. दिल्लीच्या पातळीवर ते जेव्हा होईल तेव्हा होईल. गावाच्या पातळीवर उत्तर तेच आहे : दरवर्षीचे पैसे कोण देणार ते ठरवायचं आणि प्रत आपल्याजवळ ठेवायची.

प्रत कुठे ठेवायची?

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली सुरू झालं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी ते एक. आणखी दोन वर्षांनी, २०२८ मध्ये त्याला दोनशे वर्षं होतील. आपल्याकडची सार्वजनिक वाचनालयं सभासदांची वर्गणी, शासनाचं दर्जाप्रमाणे अनुदान आणि गावकऱ्यांच्या देणग्या अशा तिन्ही पायांवर उभी असतात. एक पाय लंगडला तर दुसऱ्या दोनांवर भार जातो. गावचं वाचनालय तालुक्याला असेल, नाहीतर ग्रामपंचायतीच्या एका खोलीत असेल, या कामाला त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

करायचं एवढंच. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, जिथे नेट चांगलं आहे तिथे बसून पहिली ते दहावीची पुस्तकं, किशोरचे काही अंक, स्टोरीवीव्हरच्या मराठी गोष्टी आणि चालू वर्षाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक उतरवून घ्यावं. दोन पेनड्राईव्ह कराव्यात. एक शाळेत आणि एक वाचनालयात, दोन्ही एकाच कपाटात नको. परवाना मुक्त असलेलं साहित्य गावभर वाटता येतं. बालभारतीसारखं हक्क राखीव असलेलं फक्त अभ्यासापुरतं वापरावं, त्याच्या झेरॉक्स काढून विकू नयेत.

आणि प्रत्येक फोल्डरवर साल लिहावं. २०२५-२६ मध्ये पहिलीला नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक आलं, पुढच्या इयत्तांची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. त्यामुळे दर जूनमध्ये त्या वर्षी कुठली इयत्ता बदलली ते शाळेत विचारून तेवढाच फोल्डर नवा करावा लागेल.